पुस्तकातला 'नको तो' मजकूर काढून टाकतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

अनंत फंदी हे नाव तुम्ही शाळेत नक्की ऐकलं असेल. संगमनेरचे शाहीर, मूळ आडनाव घोलप, जन्म 1744, मृत्यू 1819. त्यांचा उपदेशपर फटका अनेक पिढ्यांनी पाठ केला. सरळ वाटेने चाला, नसत्या भानगडीत पडू नका, असा त्याचा सूर. पण हेच फंदी तमाशाच्या फडावर लावण्या गाणारे शाहीरही होते. त्यातली एखादी लावणी तुम्हाला आठवते का?

बहुतेकांना आठवणार नाही.

फंदींबद्दल एक आख्यायिका सांगितली जाते. अहिल्यादेवी होळकरांनी त्यांची कानउघाडणी केली, तमाशाचा नाद सोडायला सांगितलं आणि फंदी कीर्तनाकडे वळले. अहिल्यादेवींचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यात फंदींचं संगमनेर येतं. आख्यायिका किती खरी, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण पुढे शाळेच्या पुस्तकांनी फंदींच्या बाबतीत नेमकं तेच केलं. फटका ठेवला, लावणी ठेवली नाही.

लावण्या कुणी जाळल्या नाहीत, त्यांवर बंदी घातली नाही, एक ओळसुद्धा खोडली नाही. फक्त निवडल्या नाहीत. मग याला काटछाट म्हणायचं की नाही?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण साहित्यातून आक्षेपार्ह मजकूर काढण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि मराठीत त्यांच्यासाठी वापरले जाणारे बरेचसे शब्द असे आहेत की, काही काढलंय हेच वाचणाऱ्याला कळू नये.

इंग्रजीत एका माणसाचं नावच क्रियापद झालं

इंग्रजीत या कामासाठी 'बाउडलराइझ' असा शब्द आहे. तो आला थॉमस बाउडलर या डॉक्टरच्या आडनावावरून. घरात बायकामुलांसमोर मोठ्याने वाचता येईल असं शेक्सपिअर हवं, म्हणून 'फॅमिली शेक्सपिअर' नावाची आवृत्ती काढण्यात आली. 1807 साली ती पहिल्यांदा आली तेव्हा त्यात 20 नाटकं होती आणि त्यावर संपादकाचं नाव नव्हतं. ते काम प्रत्यक्षात थॉमसची बहीण हेन्रिएटा हिचं होतं. एका अविवाहित, सभ्य बाईला शेक्सपिअरमधले चावट विनोद कळतात, हे उघड होणंच तेव्हा अवघड होतं. 1818 मध्ये थॉमसच्या नावाने मोठी आवृत्ती आली आणि नाव त्याचंच चिकटलं.

बाउडलरने नुसते शब्द बदलले नाहीत. एका नाटकातली वेश्येची अख्खी भूमिकाच गाळली. 1830 च्या दशकात त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं आणि हळूहळू ते टिंगलीचा शब्द बनलं.

इंग्रजीतला दुसरा शब्द 'एक्सपर्गेट'. त्याच्या मुळाशी पोट साफ करण्याचीच कल्पना आहे. जुलाबाच्या औषधाला इंग्रजीत ज्या धातूवरून शब्द आला, त्याच धातूवरून हाही आला. म्हणजे पुस्तकाला रेचक द्यायचं!

मराठीत असा एक ठरलेला शब्द नाही. त्याऐवजी निदान सात शब्द आहेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

सात शब्द, सात वेगळी कामं

1. पाठशुद्धी. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्याशीच जोडलेलं आहे. नेवाशात 1290 साली 'ज्ञानेश्वरी' पूर्ण झाली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होत गेल्या, चुका शिरल्या, पाठ बिघडले. 1584 मध्ये, म्हणजे शके 1506 साली, संत एकनाथांनी प्रती तपासून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीदही दिली. इथे 'शुद्ध' म्हणजे लेखकाने जे म्हटलं होतं त्याच्या जवळ जाणं.

2. निवड. फंदींचं उदाहरण वर पाहिलं. 'निवडक', 'वेचे', 'उतारे' हे तिचे शब्द. निवड करावीच लागते, कारण पाठ्यपुस्तकाची पानं मोजकी असतात. पण तीच ती निवड शंभर वर्षं होत राहिली, की लेखकाची अर्धी बाजू नाहीशी होते.

3. संक्षेप. मोठं पुस्तक लहान करणं. यात काय गेलं ते सहसा सांगितलं जात नाही. लांबीसाठी कापलं की लाजेसाठी कापलं, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो.

4. काटछाट किंवा कात्री. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द. काहीतरी कापलंय, हे तो लपवत नाही. तो मुख्यतः सिनेमा आणि नाटकाच्या बातम्यांत दिसतो, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कधीच नाही.

5. फुल्या. शिवीचं पहिलं अक्षर द्यायचं आणि पुढे फुल्या मारायच्या. ही पद्धत गमतीची आहे, कारण वाचणारा मनातल्या मनात ती शिवी पूर्ण करतोच. शब्द लपतो, पण जागा दिसते. आज सोशल मीडियावर पोस्ट उडू नये म्हणून आपण अक्षरांत टिंबं आणि चांदण्या टाकतो, ती याचीच पुढची पिढी.

6. परिनिरीक्षण. हा सरकारी शब्द. नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासणाऱ्या महाराष्ट्राच्या यंत्रणेचं नाव रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ असं आहे. 'सेन्सॉर' म्हटलं की डोळ्यांसमोर कात्री येते. 'परिनिरीक्षण' म्हटलं की फक्त चष्मा येतो.

7. मागे घेणं. इथे ओळ नव्हे, पुस्तकच जातं. आनंद यादव यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादव यांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली आणि 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही सोडलं. व्याकरणाच्या दृष्टीने 'मागे घेणं' ही लेखकाची कृती आहे. प्रत्यक्षात तिच्यामागे किती दबाव आहे, हे त्या शब्दात दिसत नाही.

आता पहिला आणि चौथा शब्द शेजारी ठेवा. एकनाथांनी केलेलं काम आणि बाउडलरने केलेलं काम एकमेकांच्या उलट आहे. एक मूळ शब्दाकडे जातं, दुसरं मूळ शब्दापासून दूर जातं. तरी दोन्हींना आपण 'शुद्ध', 'संशोधित', 'सुधारित' असंच म्हणतो. गोंधळाचं मूळ इथे आहे.

'अश्लील', 'ग्राम्य', 'आक्षेपार्ह': ठरवतं कोण?

जे काढायचं त्यालाही नावं आहेत, आणि तीही तपासण्यासारखी आहेत.

'अश्लील' हा शब्द संस्कृत काव्यशास्त्रातून आला. तिथे तो एक काव्यदोष आहे आणि त्याचे तीन प्रकार मानले जातात: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगळ सुचवणारा. म्हणजे शृंगार हा दोष नव्हता. संस्कृत काव्य शृंगाराने भरलेलं आहे. आज मात्र आपण 'अश्लील' म्हणतो तेव्हा जवळजवळ नेहमी लैंगिक असाच अर्थ घेतो.

त्याच शास्त्रात 'ग्राम्य' नावाचा आणखी एक दोष आहे. जे शब्द केवळ सामान्य लोकांच्या तोंडी असतात, ते काव्यात वापरणं म्हणजे ग्राम्यता. शब्द फोडून पाहा: गावचा, म्हणून हलका. आजही मराठीत 'ग्राम्य विनोद' म्हणजे असभ्य विनोद. खेड्यातल्या माणसाच्या बोलण्याला दोष ठरवणारा हा शब्द आपण रोज सहज वापरतो.

आणि 'आक्षेपार्ह'? याचा अर्थ आक्षेप घेण्याला पात्र. आक्षेप कोण घेणार, हे त्यात नाही. म्हणून बातमीत 'आक्षेपार्ह मजकूर' असं वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: कुणाचा आक्षेप?

तमाशाला संहिता मागितली तेव्हा

हा प्रश्न सगळ्यात तीव्रपणे पुढे आला तो तमाशाच्या बाबतीत. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बंदी उठली, पण तमाशा 'सुधारण्याच्या' आणि मजकूर आधी तपासण्याच्या अटीवर.

यात अडचण काय होती? तमाशातली बतावणी आणि वगातले संवाद बऱ्याच अंशी जागेवर रचले जातात. सोंगाड्या समोरचा गाव बघून बोलतो. पाटलाची फिरकी घेतो, पुढाऱ्याला टोमणा मारतो. द्व्यर्थी विनोद लिहून काढला की त्यातला एकच अर्थ कागदावर उरतो. दुसरा असतो आवाजात, डोळ्यांत, थांबण्यात. कागद तपासणाऱ्याला तो दिसत नाही, किंवा नको तिथे दिसतो.

शिवाय या फडांत मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतले कलावंत होते. त्यांची भाषा सभ्य आहे की नाही, हे तपासणारे मात्र बहुतेक शहरातले, शिकलेले आणि वरच्या जातींतले. 'ग्राम्य' या शब्दाचं काम इथे स्पष्ट दिसतं. तमाशातल्या बायकांचं शोषण होत होतं, हेही खरं आणि गंभीर होतं. पण ओळी कापून ते थांबत नाही. ओळ कापणं सोपं असतं, म्हणून तीच आधी कापली जाते.

शहरातल्या नाटकाची पाळी 1972 मध्ये आली. विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंग यांनी रंगमंचावर आणलं. टाकून दिलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, शिवराळ बोलणारा सखाराम निळू फुले यांनी केला, चंपाची भूमिका लालन सारंग यांनी. मंडळाने 32 ठिकाणी काटछाट सुचवली. सारंग यांनी ती मान्य केली नाही. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. या लढ्याची हकिकत त्यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहिली आहे.

32 हा आकडा कशासाठी लक्षात ठेवायचा? कारण तो मोजता येतो. कापा म्हणून लेखी सांगितलं गेलं, म्हणून त्याविरुद्ध कोर्टात जाता आलं. फंदींच्या न निवडलेल्या लावण्यांसाठी कुणी कुठल्या कोर्टात जाणार?

संहिता आधी तपासून घेण्याची ही पद्धत अजून वादाचा विषय आहे. अमोल पालेकर यांनी 2016 मध्ये तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

कायदा काय म्हणतो?

अश्लील पुस्तकं विकणं, प्रसिद्ध करणं याबद्दल भारतीय दंड संहितेत कलम 292 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हा गुन्हा कलम 294 मध्ये आहे. साहित्य, कला, विज्ञान यांच्या दृष्टीने लोकहिताचा असलेला मजकूर अपवाद मानला जातो.

पण मजकूर अश्लील आहे हे ठरवायचं कसं? यातले बरेच महत्त्वाचे खटले महाराष्ट्रातूनच गेले आहेत.

बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. आज त्यांच्याशिवाय मराठी नवकवितेचा इतिहास सांगता येत नाही.

1964 मध्ये रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1868 सालची इंग्लंडमधली 'हिकलिन' कसोटी वापरली. ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होऊ शकतो अशांच्या हाती हे पडलं तर ते बिघडतील का, असं ती विचारते. म्हणजे मोजमापाला सगळ्यात कच्चा वाचक.

1969 मध्ये चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली होती. ती अश्लील नाही, असा निकाल लागला. 2014 च्या अवीक सरकार खटल्यात न्यायालयाने हिकलिन कसोटी बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाचे मापदंड लावायला सांगितलं. मात्र 2015 मध्ये वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेबद्दल न्यायालयाने वेगळी रेघ ओढली: इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालताना कवीला तेवढी मोकळीक घेता येणार नाही.

थोडक्यात, कसोटी बदलत राहते. काल कापण्याजोगं वाटलेलं आज अभ्यासक्रमात असतं. कात्री चालवताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण कापलेलं परत जोडायला मूळ प्रत शिल्लक लागते.

जातिवाचक शब्दांचं काय?

इथपर्यंत गोष्ट लैंगिक मजकुराची होती. आज वाद जास्त होतो तो दुसऱ्या प्रकारच्या शब्दांवर: जातीवरून, वर्णावरून, अपंगत्वावरून माणसाला हिणवणाऱ्या. हे शब्द काढायला काय हरकत आहे?

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा नावांऐवजी समता नगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं. माणसाला आपला पत्ता सांगताना जात सांगावी लागू नये, यात गैर काही नाही.

पण हीच पद्धत साहित्याला लावून बघा. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये ग्रंथालीने काढलं. पवार आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना ही त्या पुस्तकाची भूमी. तिथे 'महारवाडा' खोडून 'समता नगर' लिहिलं तर काय होईल? त्या काळात तिथे समता होती, असं खोटंच पुस्तकात शिरेल. ज्या व्यवस्थेने तो शब्द तयार केला, तीच पुराव्याअभावी सुटेल.

या पुस्तकाच्या रचनेतही एक सूचक गोष्ट आहे. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघं एकच. एक शिकलेला, शहरी, पांढरपेशा, दुसरा त्याच्या आत दडलेला गावचा दगडू. दयाने दगडूच्या बोलण्याला कात्री लावली असती तर 'बलुतं' झालंच नसतं. दलित आत्मकथनं आली तेव्हा ही आपलीच लक्तरं वेशीवर टांगताहेत, असा आक्षेप समाजातूनही घेतला गेला. तो समजण्यासारखा आहे. अपमान पुन्हा वाचणं सोपं नसतं. पण तो लिहायचा की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क भोगणाऱ्याचा आहे.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला 1972 मध्ये तेंडुलकरांची प्रस्तावना होती. त्यात तेंडुलकरांनी, आपल्याला कवितांमधले अनेक शब्द माहीत नाहीत, हे मोकळेपणाने मांडलं. न कळणाऱ्या शब्दापुढे दोन रस्ते असतात: तो काढा, किंवा त्याचा अर्थ विचारा. तेंडुलकरांनी दुसरा घेतला.

हाच पेच अमेरिकेत मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'बद्दल आहे. 2011 मधल्या एका आवृत्तीत कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द दोनशेहून जास्त ठिकाणी काढून तिथे 'गुलाम' हा शब्द घातला गेला. वर्गात तो शब्द मोठ्याने वाचावा लागणाऱ्या मुलाचा त्रास खरा आहे, असं संपादकाचं म्हणणं. त्या शब्दाशिवाय त्या काळाची क्रूरता कळत नाही, असं विरोधकांचं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मग काहीच कापायचं नाही का?

तसंही नाही. आठ वर्षांच्या मुलासाठी 'महाभारत' सांगताना आपण सगळे कापतोच. लहान मुलांसाठी वेगळी आवृत्ती असणं गैर नाही. ती वेगळी आहे हे न सांगणं गैर आहे.

2023 मध्ये रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांत 'जाड' वगैरे शब्द बदलल्याचं उघड झालं आणि इंग्लंडमध्ये गदारोळ झाला. शेवटी पफिन प्रकाशनाने मूळ पाठाची पुस्तकंही विक्रीला ठेवण्याचं जाहीर केलं. दोन्ही आवृत्त्या शेजारी, निवड वाचकाची. यातून निघालेला हा बराच बरा तोडगा.

आपल्याकडे पुस्तक हातात घेतलं की तीन गोष्टी बघा. मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर 'संपादित', 'संक्षिप्त', 'सुधारित' असं काही लिहिलंय का? लिहिलं असेल तर काय काढलं आणि का, हे प्रस्तावनेत सांगितलंय का? आणि मूळ पाठ आज कुठे मिळतो? तिन्हींची उत्तरं मिळाली तर ते संपादन. एकाचंही मिळालं नाही तर कात्री चाललेली असण्याची शक्यता आहे.

आणि त्या कात्रीला नाव हवंच असेल, तर मराठीच्या घरातच एक शब्द आहे: सोवळी आवृत्ती. जिला विटाळ चालत नाही अशी. हा शब्द निरागस नाही. शिवाशिवीचा सगळा इतिहास त्याच्या पाठीशी आहे, आणि केस काढलेल्या विधवेलाही आपल्याकडे 'सोवळी'च म्हणत. म्हणूनच तो इथे चपखल बसतो. 'शुद्ध' आणि 'सुधारित' हे शब्द कात्री चालवणाऱ्याची बाजू घेतात. 'सोवळी' म्हटलं की विटाळ कुणाचा मानला आणि कापलं कुणाला, हे दोन्ही प्रश्न आपोआप उभे राहतात.

पाठ्यपुस्तकात फंदींचा फटका जरूर असावा. त्याखाली एवढीच एक ओळ हवी: या शाहिराने लावण्याही लिहिल्या, त्या इथे घेतलेल्या नाहीत.